डोहाचा गाळ

१

साबेरा शेख सकाळी कॉलेजात पोचली की आधी मागच्या खोलीचं कुलूप काढायची. पूर्वी तिथं मोडक्या खुर्च्या पडलेल्या असायच्या. प्राणिशास्त्राच्या चनमल्लप्पा सरांनी प्राचार्यांच्या मागे लागून ती खोली मागून घेतली, चुना लावून घेतला, भिंतीला फळ्या ठोकल्या आणि त्यांवर काचेच्या बरण्या मांडल्या. बरण्या लोणच्याच्याच होत्या. आत मात्र खाली चार बोटं नदीचा गाळ आणि वर स्वच्छ पाणी.

दुष्काळाला दीड-दोन वर्षं झाली होती. सीना नदीला अजून म्हणावं तसं पाणी नव्हतं. सूत रंगवणाऱ्या रंगखान्यांचं पाणी ओढ्यात जाई, ओढ्याचं नदीत. पाणी पुढं वाहून जातं, पण रंग खाली बसतो. वरून निवळशंख दिसणाऱ्या पाण्याखाली काय साचलंय याची दखल कुणी घेत नव्हतं. चनमल्लप्पा सरांनी ती घ्यायची ठरवली आणि सरकारकडून थोडीशी मदतही मिळवली.

"गाळात काय काय मिसळलंय ते रसायनशास्त्रवाले सांगतील," ते त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या, शेवटच्या वर्षाच्या साबेराला म्हणाले होते. "पण ते सोसवतं का, हे जिवंत प्राण्यालाच विचारायला पाहिजे."

तो प्राणी म्हणजे गाळातला लाल किडा, दोऱ्यासारखा बारीक. गाळ चांगला असला की तो डोकं खाली खुपसून आत शिरतो आणि शेपटी वर पाण्यात हलवत राहतो. त्याची श्वास घ्यायची ती तऱ्हा. गाळ विषारी असला की आत जातच नाही. वरच गुंतवळ करून पडून राहतो आणि पांढरा पडून मरतो. मुदत भरली की बरणी बारीक चाळणीवर ओतायची, गाळ धुऊन काढायचा आणि किती जगले, किती मेले ते पाहायचं.

ओढा नदीला मिळतो त्याच्या वरचा गाळ, ओढ्याच्या तोंडाचा गाळ, आणि तुलनेला सरांच्या अक्कलकोटकडच्या शेततळ्यातला स्वच्छ गाळ. प्रत्येकाच्या तीन-तीन बरण्या. कोपऱ्यात एक छोटा विजेचा पंप घुमत असे आणि त्याच्या रबरी नळ्यांतून प्रत्येक बरणीत हवेचे बुडबुडे सुटत. खोलीभर डाळ शिजत असल्यासारखा आवाज असायचा. साबेराला तो आवडे. घरी आताशा कुणी फारसं बोलत नव्हतं.

२

शेवटचा, चौथ्या ठिकाणचा गाळ हरिबानं आणला. त्याचं शेत नदीला लागून होतं आणि सर त्यालाच गाळ काढायला सांगत. तेलाच्या रिकाम्या डब्याला फडकं बांधून, सायकलला अडकवून तो आला. गाळ काळा होता, पण काळ्यात मधूनमधून जांभळे पट्टे होते, लुगड्याच्या काठासारखे.

"हा कुठला, हरिबा?"

"डोहातला हाय," हरिबा म्हणाला. "रंगखान्याची पोरं सूत धुत्यात न्हवं का, त्या डोहातला. सरांनी सांगितलं, मधून काढ म्हनून. बांबूला डबा बांधून काढला. मी काय त्यात उतरलो न्हाय."

एवढं बोलून त्यानं साबेराकडं नीट पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाई, तुमी इमामसाब टांगेवाल्याची पोरगी न्हवं का?"

"हो."

 डबा ठेवून हरिबा निघून गेला.

इसूफ साबेराचा धाकटा भाऊ. अब्बांचा घोडा दुष्काळात मेला आणि टांगा अंगणात उभा राहिला, तेव्हा इसूफनं शाळा सोडली. दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं. "आपा पढेगी," असं तोच म्हणाला, जसं काही ते आधीपासून ठरलेलंच होतं. रंगखान्यात तो रंगवलेल्या सुताच्या लड्या धुवायला लागला. नदी आटून डोह तेवढे उरले होते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लड्या पिळायच्या. एका दुपारी जेवणाला सगळी पोरं वर आली, इसूफ आला नाही. लड्या पाण्यावर तरंगत होत्या. लोकांनी गळ टाकले, बांबू फिरवले, पाणबुड्या आणला. तळाशी मांडी मांडी गाळ होता. काही सापडलं नाही. रंगखान्याचा मालक म्हणाला, पोरगं पळून गेलं असेल हैदराबादला, या वयात जातात.

अब्बा हैदराबादला जाऊन आले. पुन्हा गेले. अम्मी, म्हणजे कमरबी, दाराला आतून कडी लावायची बंद झाली. रडली मात्र नाही. रडायचं कशाला, असं तिचं म्हणणं. आनेवाला है.

साबेरानं डबा उघडला आणि गाळ तीन बरण्यांत भरला. आपण हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं, असं तिच्या मनात आलंच नाही. हात मात्र तिनं पुन्हा पुन्हा धुतले.

३

पहिल्या दोन बरण्यांत व्हायचं तेच झालं. किडे वर गोळा होऊन बसले, दुसऱ्या दिवशी पांढरे पडले. तिसरी बरणी खिडकीजवळ होती. तिच्यातले किडे लगोलग आत शिरले आणि शेपट्या वर करून डुलायला लागले. सरांच्या शेततळ्याच्या स्वच्छ गाळातसुद्धा इतके खुशीत नव्हते.

"एकाच डब्यातला गाळ ना हा?" सरांनी विचारलं.

"एकाच. मीच भरलाय."

"मग बघू," सर म्हणाले. त्यांना कोडी आवडायची.

त्याच आठवड्यात एका दुपारी वीज गेली. सोलापुरात तेव्हा वीज जाणं नवं नव्हतं. साबेरा चाळण्या घासत बसली होती. पंप घरघरून थांबला. बुडबुडे एकेका बरणीत विझत गेले आणि खोली एकदम शांत झाली. बाहेर उन्हानं पत्रा तडकत होता, तेवढाच आवाज.

मग खिडकीजवळच्या बरणीत एक बुडबुडा फुटला.

तिनं मान वर केली नाही. नळीत उरलेली हवा असेल. दुसरा फुटला. आणि मग एक मोठा, सावकाश वर येणारा, ज्याला पाण्यावर यायला वेळ लागला. त्यानंतर काहीच नाही.

साबेराचा हात चाळणीवर थांबला. ती वाट बघत होती, आणि आपण कशाची वाट बघतोय हे तिच्या ध्यानात यायच्या आतच पुन्हा सुरू झालं. दोन आखूड. एक लांब. आणि ती मधली जागा.

त्यांचं घर एका खोलीचं. ती कंदिलापाशी अभ्यासाला बसायची आणि इसूफ भिंतीकडं तोंड करून झोपलेला असायचा. रंगाची भुकटी त्याच्या छातीत बसली होती. दोन आखूड श्वास, एक लांब, आणि मग थांबायचा. इतका वेळ थांबायचा की ती पुस्तकातून मान वर काढायची. पुढचा श्वास आला की मगच पान उलटायची. वर्षभर तिनं असाच अभ्यास केला होता.

ती उठून बरणीपाशी गेली. नळी काढून बाहेर ठेवली. बुडबुडे नळीतून येतच नव्हते. ते गाळातून येत होते. लांब बुडबुडा सुटताना गाळाचा पृष्ठभाग जरासा फुगून खाली बसे, आणि त्याच्यावरचे लाल किडे सगळे मिळून एका बाजूला कलत, आणि परत येत.

४

"वायू आहे तो," सर म्हणाले. "गाळात काहीबाही कुजत असतं, त्याचा वायू साठतो आणि सुटतो. काचेची कांडी घालून हलव, निघून जाईल."

ते खरंच होतं. साबेरानं स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलींना हे शिकवलं होतं. तिनं कांडी घेतली, गाळात घातली आणि फिरवली. भराभर बुडबुडे वर आले, पाणी गढूळ झालं. मग सगळं थांबलं.

बराच वेळ काही नव्हतं. ती आपलं काम करायला लागली. मागून आवाज आला तो आधी घाईघाईचा होता, कुणाला गाढ झोपेतून हलवलं म्हणजे येतो तसा. हळूहळू तो पूर्वीच्या लयीवर आला.

तिनं कांडी पुन्हा घातली नाही.

स्वतःशी ती वाद घालायची. गाळ कुजतो, वायू सुटतो, वायूला लय असू शकते. माणूस ज्याची वाट बघतो ते त्याला ऐकू येतं. हे सगळं पटायचं. पटलेलं घेऊन ती घरी जायची आणि सकाळी कुलूप काढताना दारापाशीच थांबून आतला कानोसा घ्यायची.

सरांना काळजी वेगळीच होती. मुदत संपत आली होती. "दोन बरण्यांत सगळे मेले आणि एकीत सगळे जगले, असं लिहून पाठवलं तर काय होईल?" ते म्हणाले. "रंगखानेवाले ती एकच बरणी उचलून दाखवतील. गाळ चांगला आहे म्हणतील. उन्हाळ्यात डोहात पुन्हा पोरं उभी राहणार आहेत. चाळून बघितल्याशिवाय काही बोलता येणार नाही."

 पोरं उभी राहणार आहेत, हे साबेराला माहीत होतं. त्यांच्याच गल्लीतली दोन होती.

५

स्वतःच्या कानावर विश्वास नसेल तर दुसऱ्याचे कान आणावेत, आणि काय ऐकायचंय ते त्याला सांगू नये. हेही सरांनीच शिकवलेलं. रविवारी दुपारी कॉलेज बंद असताना ती अम्मीला घेऊन आली. मी काम करते ती खोली बघ, एवढंच म्हणाली. पंप तिनं आधीच बंद करून ठेवला होता.

कमरबी पदर सावरत आत आली. बरण्यांकडं तिनं बाजारातल्यासारखं पाहिलं, एकेकीपुढं उभी राहिली. "इसमें क्या है? कीडे?" असं विचारून हसली. मुलीच्या शिक्षणाचं हे असं काही होईल असं तिला वाटलं नव्हतं.

खिडकीकडं जाताजाता ती मधेच थांबली.

साबेरा दारात उभी होती. ती हलली नाही. अम्मीची पाठ तेवढी तिला दिसत होती. त्या पाठीवरचा पदर घसरला आणि अम्मीनं तो उचलला नाही. मग ती पुढं गेली, खाली बसली आणि बरणीला कान लावला.

"अम्मी," साबेरा म्हणाली.

"आहिस्ता बोल," कमरबी म्हणाली. "सोया है."

किती वेळ ती तशी बसली होती कोण जाणे. गिरणीचा भोंगा झाला. खिडकीतलं ऊन सरकत बरणीवर आलं. कमरबीनं बरणी दोन्ही हातांनी उचलून सावलीत ठेवली, अलगद, तान्ह्या पोराला ठेवतात तशी. "धूप लगती उसकू," ती म्हणाली.  घराच्या दारापाशी आल्यावर ती म्हणाली, "उसकू उठाने का नई, साबेरा. थक्या हुआ है."

६

सोमवारी सर चाळण्या मांडून बसले होते. इतर बरण्या ओतून झाल्या. खिडकीजवळची तेवढी राहिली.

"सर, ही एक ठेवू या का?"

चनमल्लप्पा सरांनी चष्मा काढला. "हरिबा काल भेटला होता," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं मला. साबेरा, मला हे आधी माहीत असतं तर तो गाळ मी तुझ्या हाती दिला नसता. तू घरी जा. मी चाळतो."

साबेरानं बरणीकडं पाहिलं. किडे डुलत होते. दोन आखूड, एक लांब. ही बरणी ठेवली तर तो इथं श्वास घेत राहील. आणि तिकडं डोहात आणखी कुणी उतरेल, आणि कुणाची तरी आई दाराची कडी काढून ठेवेल.

"नको," ती म्हणाली. "मीच करते."

नळाला पाणी नव्हतं. सर बादली घेऊन बाहेरच्या टाकीकडं गेले. ते परत येईपर्यंत थांबावं असं तिला वाटलं, पण थांबली तर आपल्याच्यानं होणार नाही हेही तिला कळत होतं. श्वास थांबायची ती मधली जागा आली तेव्हा तिनं बरणी उचलली आणि चाळणीवर वाकडी केली.

पाणी सांडलं. गाळ आला नाही. काचेला धरून राहिला. तिनं बुडाला हात लावला तर बरणी कोमट होती, रजईत हात घातल्यावर लागते तशी ऊब. तिनं आणखी वाकडी केली. मग तो सगळा एकदम निसटला, जड, मऊ, आणि त्याच्याबरोबर तो अडवून धरलेला श्वास सुटला. खोलीत स्पष्ट ऐकू आला. श्वासाच्या शेवटी, झोपेतून पुरतं जाग न आलेल्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "आपा?"

सर आले तेव्हा ती चाळणीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. त्यांनी काही न विचारता पाणी ओतायला सुरुवात केली. काळं गेलं, जांभळं गेलं. जाळीवर किडे उरले. सगळे पांढरे होते, विरायला आलेले. चिमट्यात धरले तर तुटत होते.

"हे आज मेलेले नाहीत," सर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पहिल्याच दिवशी मेलेत."

"सकाळी हलत होते."

"हो. मीही पाहिलं."

 मग सरांना किड्यांमधे आणखी काही दिसलं. त्यांनी ते चिमट्यानं उचलून काचेवर ठेवलं, भिंगाखाली धरलं, आणि भिंगावरून वर बघायला त्यांना वेळ लागला.

"नख आहे," ते म्हणाले. "माणसाचं. अंगठ्याचं असावं."

रंगखान्यात काम करणाऱ्यांच्या नखांचा रंग कधी उतरत नाही. अंगावरचा रंग साबणानं जातो, नखातला मुळाशी बसतो. हे जांभळं होतं, आणि कडेला थोडं चावलेलं. इसूफ नखं चावायचा. अम्मी त्यावरून रोज बोलायची.

७

पोलिसांत नोंद झाली. डोहात पुन्हा गळ पडले, पुन्हा काही सापडलं नाही. सरांचा अहवाल गेला: डोहाच्या गाळात एकही जीव टिकला नाही. त्या उन्हाळ्यात डोहाच्या वाटेवर काटेरी तार आली आणि सूत धुवायला रंगखान्यांना आवारातच हौद बांधावे लागले. मालक हैदराबादचं नाव पुन्हा काढीनासा झाला.

नख घरी आलं त्या दिवशी अब्बा मौलवीसाहेबांकडं जाऊन आले. एवढ्याशा अवशेषावर जनाज्याची नमाज होत नाही, असं मौलवीसाहेबांनी सांगितलं. स्वच्छ कपड्यात गुंडाळा, दफन करा, दुआ मागा. अब्बांनी कफनाचं कापड आणलं. दुकानदारानं किती पाहिजे विचारलं तेव्हा त्यांना सांगता आलं नाही. दुकानदारानं एका माणसाचं फाडून दिलं. कमरबीनं त्यातलं काहीही कापलं नाही. सगळ्या कापडात नख गुंडाळलं, घडीवर घडी घालून. गठडी काखेत मावेल एवढी झाली.

गल्लीतले पुरुष अब्बांबरोबर कबरस्तानात गेले. हरिबा गावाहून आला होता, तोही मागं मागं गेला. बायका घरी राहिल्या, आणि मग त्याही एकेक करून उठून गेल्या. खोलीत दोघीच उरल्या. अंगणात रिकाम्या टांग्यावर ऊन पडलं होतं.

कमरबी भिंतीला टेकून बसली होती. तिनं साबेराला जवळ बोलावलं.

"एक बात पूछूं?"

"पूछो, अम्मी."

"तू वो कीचड छानी उस वखत," कमरबी थांबली. तिला शब्द सापडेनात. "उने उठ्या क्या? कुछ बोल्या?"

साबेरानं तिचा हात धरला. हात थंड होता. बाहेर कुणीतरी सायकल टेकवली आणि घंटी वाजली. ती घंटी पुरती विरून जाईपर्यंत साबेरानं वाट पाहिली, म्हणजे आवाज सरळ निघेल.

"नई अम्मी," ती म्हणाली. "नींद में था. उसकू कुछ मालूमच नई पड्या."

कमरबीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग "अच्छा हुआ," म्हणाली, साबेराच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि पोरगं गेल्यापासून पहिल्यांदा रडायला लागली.